पहिली लाट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, चुना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दिवाळी किंवा ईद जवळ आली की भिंतींना लावायचा चुना, विड्याच्या पानावर बोटानं फिरवायचा चुना, आणि लहान मुलाचं पोट बिघडलं की घरातली म्हातारी माणसं चमच्यानं पाजायची ती चुन्याची निवळी. कुणी फसवलं तर 'चुना लावला' असंही आपण म्हणतो. या चुन्यात दडलेला धातू हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०८ साली वेगळा काढला आणि चुन्याच्या 'कॅल्क्स' या लॅटिन नावावरून त्याला कॅल्शियम म्हटलं. पुढं शाळेत आपण शिकलो, की कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दात. दूध प्या, हाडं मजबूत होतील. त्यात खोटं काहीच नाही.

पण हाडं फार उशिरा येतात. त्याच्या कितीतरी आधी आईच्या पोटात हृदयाचा पहिला ठोका पडतो. आणि त्याच्याही आधी, आपण सुईच्या टोकाएवढ्या एकाच पेशीत असतो तेव्हा, त्या पेशीतून कॅल्शियमची एक लाट सरकत जाते. ती लाट गेली नाही तर पुढचं काहीच होत नाही. आज मी तुम्हाला त्या लाटेच्या शोधाचा इतिहास सांगणार आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी.ए. झालो आणि कविता लिहीत बसलो. पण कवितेच्या धंद्यात पहिली ओळ कुठून येते, हा प्रश्न माणसाला आयुष्यभर छळतो. म्हणून जिथं कुठं आरंभाची गोष्ट निघते तिथं मी थांबतो. या आरंभाचा इतिहास वाचताना मात्र लक्षात आलं, की ही गोष्ट नुसती प्रयोगशाळेतली नाही. आपल्या ओसरीवर आणि आपल्या भाषेत बायकांवर जो अन्याय होत आला, त्याचं उत्तरही तिच्यात आहे.

जुन्या काळी अनेक समाजांत एक उपमा चालायची: पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत. सारं काही बीजात, शेत आपलं निमूट पडून. १६७७ साली हॉलंडमध्ये लेव्हनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले आणि या उपमेला जणू पुरावाच मिळाला. १६९४ साली हार्टसूकर यांनी तर शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक इवलासा माणूस काढून दाखवला. दुसरा एक पक्ष होता, तो म्हणायचा की सारं काही अंड्यात आहे. पण माणूस ज्या सस्तन प्राण्यांत मोडतो त्यांचं अंडं प्रत्यक्ष पाहायला १८२७ साल उजाडावं लागलं. ते पाहिलं कार्ल फॉन बेअर यांनी. म्हणजे बापाचा वाटा दिसल्यानंतर आईचा वाटा दिसायला दीडशे वर्षं लागली.

या दोघांचं मीलन कसं होतं, हे १८७६ साली जर्मनीच्या ऑस्कर हर्टविग यांनी सांगितलं. त्यांनी निवडला सी अर्चिन, काटेरी चेंडूसारखा समुद्रतळाशी राहणारा जीव. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि मीलन आईच्या शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होतं. हर्टविग यांना अंड्यातलं केंद्रक आणि शुक्राणूचं केंद्रक एकमेकांकडं सरकताना आणि एक होताना दिसलं. दोघांचा वाटा सारखा, हे तिथं सिद्ध झालं. पण एक प्रश्न उरला. अंडं तर आधीपासून तयार असतं. शुक्राणू शिवल्याबरोबर ते एकाएकी जागं कशानं होतं?

आता थोडं लंडनला जाऊ. तिथं सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर होते. दवाखान्यातलं काम सांभाळून ते प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत. शरीराबाहेर काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात किती वेळ धडधडतं, हे ते पाहत होते. १८८२ साली त्यांनी लिहिलं, की मिठाच्या पाण्यात हृदय छान चालतं. मग लक्षात आलं, की ते पाणी शुद्ध केलेलं नव्हतं, लंडनच्या नळाचं होतं. शुद्ध पाणी वापरलं तेव्हा हृदय हळूहळू थांबलं. नळाच्या पाण्यात असं काय होतं? कॅल्शियम. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरी पुटं चढतात ना, तसलंच काहीसं. १८८३ साली रिंगर यांनी हे सगळं प्रामाणिकपणे छापलं. आज इस्पितळात 'आर.एल.'ची बाटली लावतात, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. कॅल्शियम नुसतं हाडांत बसून राहत नाही, ते जिवंत पेशीला हुकूम देतं, याची पहिली खूण तिथं मिळाली.

पुढचा अंक अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या वुड्स होल या गावातल्या सागरी प्रयोगशाळेत घडला. जाक लोब हे मूळचे जर्मन शास्त्रज्ञ तिथं काम करीत. १८९९ साली त्यांनी जाहीर केलं, की समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण बदलून त्यात सी अर्चिनची अंडी ठेवली, तर ती शुक्राणूशिवायच विभागू लागतात आणि त्यांतून पोहणारी पिल्लंही निघतात. वर्तमानपत्रांनी मोठाले मथळे दिले. १९१० साली फ्रान्सच्या बाताय्यों यांनी तर रक्तात बुडवलेल्या सुईनं बेडकाची अंडी टोचली आणि त्यांतून बापाविना बेडूक वाढवले. एवढ्यावरून एक गोष्ट उघड झाली. जागं व्हायची सारी तयारी अंड्यातच असते. बाहेरून येतो तो फक्त इशारा.

या वुड्स होलमध्ये एक माणूस दर उन्हाळ्यात यायचा. त्याची कहाणी मला सगळ्यांत जवळची वाटते. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. १८८३ साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन गावी एका कृष्णवर्णीय घरात जन्म. वडील लहानपणी गेले, आई शिक्षिका. १९०७ साली डार्टमथ कॉलेजातून उत्तम गुणांनी पदवी घेतली आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात नोकरी धरली. सुरुवातीला ते तिथं चक्क इंग्रजी शिकवत होते, प्राणिशास्त्र नंतर. १९०९ पासून ते वुड्स होलला येऊ लागले. अंडी कशी हाताळावी, पाणी किती स्वच्छ हवं, अंडं निरोगी आहे हे कशावरून ओळखावं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मोठमोठे गोरे प्राध्यापक त्यांना विचारायला येत. १९१६ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पण त्यांना साजेशी जागा देणारं एकही गोरं विद्यापीठ अमेरिकेत निघालं नाही.

१९१९ साली त्यांनी जे लिहिलं ते आपल्या विषयाचा कणा आहे. शुक्राणू अंड्याला जिथं चिकटतो त्या जागेपासून एक बदल सुरू होतो आणि लाटेसारखा सबंध अंड्यावरून पसरत जातो. अंड्याभोवतीचं पातळ आवरण वर उचललं जातं, ते त्यानंतर. म्हणजे बाहेरून काही दिसण्यापूर्वीच अंड्यात काहीतरी घडून गेलेलं असतं. हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी आणि साध्या सूक्ष्मदर्शकानं टिपलं. अंडं पडून राहणारी वस्तू नाही, ते उत्तर देतं, असं जस्ट आयुष्यभर सांगत राहिले. लोब यांच्याशीही त्यांचा वाद झाला. अंड्याला रसायनाचं यंत्र समजू नका, त्याचा पृष्ठभाग जिवंत आहे, हे त्यांचं म्हणणं.

शेवटी वैतागून ते युरोपात गेले. १९२९ साली नेपल्स, १९३० साली बर्लिनची कैसर विल्हेल्म संस्था. तिथं त्यांना मान मिळाला. पण १९३३ साली जर्मनीत हिटलर आला आणि ते दारही बंद झालं. मग फ्रान्स. १९३९ साली 'पेशीच्या पृष्ठभागाचं जीवशास्त्र' या विषयावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि जस्ट यांना काही काळ छावणीत कोंडलं गेलं. सुटून ते मायदेशी परतले आणि २७ ऑक्टोबर १९४१ रोजी कर्करोगानं वारले. वय ५८. अमेरिकेनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं ते १९९६ साली. 'तुम्ही असून मराठीत कसं काय लिहिता?' हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, आणि जस्ट यांच्या वाट्याला आलं त्याच्या शतांशही माझ्या वाट्याला आलेलं नाही. पण आपल्याच घरात पाहुणा ठरवलं जाण्याची चव मला थोडीशी ठाऊक आहे.

जस्ट यांना लाट दिसली, पण ती कशाची हे त्यांना सांगता आलं नाही. ते सांगायचा प्रयत्न पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हाइलब्रुन यांनी केला. पेशीला टोचलं, तापवलं, विजेचा धक्का दिला, तरी आतल्या आत कॅल्शियम सुटतं आणि त्यानंच पेशी जागी होते, असं ते सांगत. त्यांचे विद्यार्थी डॅनियल मॅझिया यांनी १९३७ साली सी अर्चिनची फलित आणि अफलित अंडी फोडून त्यांतलं मोकळं कॅल्शियम मोजलं. फलित अंड्यांत ते जास्त भरलं. पण अंडं फोडून मोजलेलं कॅल्शियम म्हणजे घर पाडून आतली माणसं मोजण्यासारखं. लोकांना ते पटेना. जिवंत अंड्यात, घडतं त्या क्षणी, डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं होतं.

ते एका जपानी माणसाच्या हाती लागलं. ओसामु शिमोमुरा. १९४५ साली नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा जवळच्या इसाहाया गावी होता. त्या झोतानं काही क्षण त्याला दिसेनासं झालं होतं. पुढं प्रकाश देणारे जीव हाच त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. १९६१ साली शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बरला गेले. तिथं एक जेलीफिश सापडतो, तो कडेला निळसर-हिरवा चमकतो. एका उन्हाळ्यात त्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश पकडले. त्यांतून चमकणारा पदार्थ काही केल्या शाबूत निघेना. एके दिवशी उरलेला अर्क त्यांनी मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशानं उजळली! त्या मोरीत मत्स्यपेटीतलं समुद्राचं पाणी वाहून येत होतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम. म्हणजे कॅल्शियम भेटलं की हा पदार्थ पेटतो. त्या प्रथिनाचं नाव ठेवलं इक्वोरिन. एक मोरी लंडनच्या नळाची, एक मोरी फ्रायडे हार्बरची. कॅल्शियमच्या इतिहासात नळ आणि मोरी यांचं ऋण मोठं आहे.

आता दिवा हाती आला होता, तो अंड्यात ठेवायचा होता. १९७४ साली स्टाइनहार्ट आणि एपेल यांनी पेशीत कॅल्शियमची वाट मोकळी करणारं एक औषध सी अर्चिनच्या अंड्यांवर वापरलं. बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम नसतानाही अंडी जागी झाली. म्हणजे कॅल्शियमचा साठा अंड्याच्या आतलाच. मग १९७७ साली रिजवे, गिल्की आणि लायोनेल जॅफी यांनी इक्वोरिन मेडाका माशाच्या अंड्यात टोचलं. मेडाका म्हणजे जपानच्या भातखाचरांत राहणारा बोटाच्या पेराएवढा मासा. आपल्या कोकणातल्या खाचरांतही असे चिमुकले मासे पावसाळ्यात पोरं पकडतात. त्याचं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. शुक्राणू जिथून आत शिरतो तिथं प्रकाश फुटला, आणि पुढच्या वर्षी, १९७८ साली, त्यांनी चित्रांसह दाखवलं की तो प्रकाश एका पट्ट्यासारखा अंड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो. मिनिटा-दोन मिनिटांचा प्रवास. १९७७ मध्येच स्टाइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी अर्चिनच्या अंड्यातही कॅल्शियम असंच उसळतं हे दाखवलं. जस्ट यांना जाऊन ३६ वर्षं झाली होती.

ही लाट इतकी स्पष्ट का उठते, तेही सांगतो. आपली प्रत्येक पेशी कॅल्शियम सतत बाहेर फेकत असते किंवा आतल्या कोठारात बंद करून ठेवत असते. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. घरात पूर्ण शांतता असली की दारावरची एक टिचकीही ऐकू येते, तसं हे. पेशी शांतता राखते ती निरोप ऐकू यावा म्हणून.

माणूस आणि इतर सस्तन प्राण्यांत गोष्ट आणखी वेगळी निघाली. १९८१ साली उंदराच्या आणि १९८६ साली जपानच्या मियाझाकी यांनी हॅमस्टरच्या अंड्यात पाहिलं, तेव्हा एकामागून एक अशा अनेक लाटा दिसल्या. उंदरात दर दहा-वीस मिनिटांनी एक, असं काही तास चालतं. १९९३ साली माणसाच्या अंड्यातही त्या दिसल्या. पुष्कळ वेळा मला वाटतं, की आपल्या आयुष्यातला पहिला ठेका हृदयाचा नव्हेच, हा आहे.

या लाटा दोन कामं करतात. पहिलं, अंड्याच्या कडेला असलेल्या बारीक पिशव्या फुटतात आणि बाहेरचं आवरण बदलून जातं, म्हणजे दुसरा शुक्राणू आत येऊ शकत नाही. दोन शुक्राणू शिरले तर सगळा हिशेब बिघडतो, गर्भ जगत नाही. दुसरं काम त्याहून हृद्य आहे. स्त्रीचं अंडं अर्ध्या वाटेवर थांबलेलं असतं. त्याच्या घडणीला सुरुवात होते ती मुलगी स्वतः आईच्या पोटात असताना. मग ते वर्षानुवर्षं थांबतं, पिकताना थोडं पुढं सरकतं, पुन्हा थांबतं. कॅल्शियमची लाट येते तेव्हाच ते उरलेली वाट चालू लागतं. जरा विचार करा. ज्या अंड्यापासून मी झालो, ते माझी आई माझ्या नानीच्या पोटात असतानाच घडायला लागलं होतं.

शुक्राणू नेमकं काय घेऊन येतो, हे कोडं उरलं होतं. १९८३ साली इरविन, बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आयपी-३' नावाचा एक बारका रेणू पेशीतल्या कोठाराचं दार उघडतो, हे शोधलं होतं. पण अंड्यात तो रेणू तयार करायला लावतं कोण? १९९० साली कार्ल स्वान यांनी शुक्राणूंचा नुसता अर्क हॅमस्टरच्या अंड्यात टोचला आणि तशाच लाटा उठल्या. म्हणजे शुक्राणूच्या पोटात काहीतरी होतं. १९९६ साली एका प्रथिनाचं नाव गाजलं, ते पुढं खोटं ठरलं. २००२ साली वेल्समधल्या कार्डिफच्या टोनी लाय आणि स्वान यांच्या गटानं खरं प्रथिन दाखवलं. त्याचं नाव पीएलसी-झीटा. शुक्राणू आणि अंडं एक झाले की हे प्रथिन अंड्यात उतरतं, तिथल्या एका स्निग्ध पदार्थाचे तुकडे करतं, त्यातला एक तुकडा म्हणजे आयपी-३. तो कोठाराचं दार उघडतो, बाहेर आलेलं कॅल्शियम शेजारचं दार उघडतं, ते त्याच्या शेजारचं, आणि गावात बातमी पसरावी तशी लाट पसरते. किल्ली शुक्राणूची, कोठार अंड्याचं, आणि उघडल्यानंतर होणारी सारी घाईगर्दीही अंड्याचीच.

दोघे एकमेकांना ओळखतात कसे, तेही सापडलं. शुक्राणूवरच्या ओळखीच्या प्रथिनाला जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली इझुमो हे नाव दिलं, लग्न जुळवणाऱ्या एका जपानी देवस्थानावरून. अंड्यावरचा त्याचा जोडीदार ब्रिटनमध्ये २०१४ साली सापडला, त्याला नाव दिलं जुनो, विवाहाची रोमन देवता. शास्त्रज्ञही अधूनमधून कविता करतात.

आता या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, ते बोलू. माझी एक फुफी होती. तिला मूल झालं नाही. तिनं दर्ग्यात धागे बांधले, शेजारच्या काकूंबरोबर देवीला जाऊन आली, वैद्य-हकीम झाले. तपासणी व्हायची ती तिचीच. तिच्या नवऱ्याला कुणी दवाखान्यात चल म्हटलं नाही. त्यानं दुसरं लग्न केलं. दुसरीलाही मूल झालं नाही. तेव्हा मोहल्ला काय म्हणाला? 'बिचाऱ्याच्या नशिबी दोन्ही बायका वांझ आल्या.'

शब्दांवर पोट भरणारा माणूस म्हणून मी हा शब्द तपासून पाहिला. 'वांझ' आपण बाईला म्हणतो, गाईला म्हणतो, झाडाला म्हणतो. पुरुषाला म्हणत नाही. पुरुष 'निपुत्रिक' असतो. त्या शब्दात दुर्दैव आहे, दोष नाही. आमच्या घरातल्या दखनीतही 'बांझ' बाईच. ते जुनं शेत-बियाण्याचं रूपक भाषेत असं मुरून बसलं आहे. आज वैद्यकशास्त्र सांगतं, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांच्यावर मात्र सरकारी समितीनं विश्वास ठेवला नाही, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. पुढं १९९७ साली याच आनंद कुमारांनी मुखर्जींची कागदपत्रं तपासून जाहीर केलं, की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. असा दिलदारपणा इतिहासात विरळा.

१९९२ साली ब्रुसेल्समध्ये एकच शुक्राणू बारीक सुईनं थेट अंड्यात सोडायची पद्धत निघाली. दवाखान्यात तिला 'इक्सी' म्हणतात. ती आता आपल्या जिल्ह्याच्या गावांतही होते. शुक्राणू तर अंड्याच्या आत पोचला, मग अडचण कसली? तरीही सुमारे १ ते ३ टक्के वेळा एकही अंडं जागं होत नाही. २००८ आणि २००९ साली उलगडा झाला, की यांतल्या काही पुरुषांच्या शुक्राणूंत पीएलसी-झीटा नसतं किंवा बिघडलेलं असतं. दिसायला शुक्राणू आत गेला, पण किल्लीच नाही. लाट उठत नाही. अशा निवडक जोडप्यांत डॉक्टर मंडळी कॅल्शियमची वाट मोकळी करणारं तशाच जातीचं औषध अंड्याला काही मिनिटं लावतात, जसं १९७४ साली सी अर्चिनला लावलं होतं. काहींना त्यातून मुलं झाली आहेत. प्रत्येकाला हा उपाय लागू पडतो असं नाही. कधी दोष अंड्यातही असतो, तसा एक जनुक २०१८ साली सापडला आहे. आणि एक सांगून ठेवतो, दुकानातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा या लाटेशी संबंध नाही. नाहीतर उद्या कुणी डबाभर गोळ्या आणून पुन्हा सुनेलाच खायला लावेल.

शोध अजून संपलेला नाही. २०१७ साली पीएलसी-झीटा नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा नेहमीच्या लाटा उठल्या नाहीत, पण तरी त्यांना थोडी पिल्लं झालीच. म्हणजे निसर्गानं कुठंतरी एक मागचं दार ठेवलं आहे. २०१६ साली अमेरिकेत माणसाचं अंडं जागं होताना जस्ताचा शिडकावा बाहेर टाकतं, हेही चमकत्या रंगानं दाखवलं गेलं. चुन्यामागून जस्त! आणि शिमोमुरा यांना २००८ साली नोबेल मिळालं, त्याच वर्षी त्याच पारितोषिकात रॉजर त्सिएन यांचाही वाटा होता. पेशीतलं कॅल्शियम दाखवणारे रंग १९८०च्या दशकात याच त्सिएननी बनवले होते.

मंडळी, शुक्राणू दिसला १६७७ साली. अंडं उत्तर देतं हे सिद्ध व्हायला तीनशे वर्षं लागली, आणि ज्यानं ते पहिल्यांदा नीट पाहिलं त्याला त्याच्या कातडीच्या रंगामुळं बसायला खुर्ची मिळाली नाही. विज्ञानानं आपला हिशेब उशिरा का होईना, दुरुस्त केला. आपली बोलायची भाषा दुरुस्त करायला तर प्रयोगशाळाही लागत नाही. आपल्या शेजारी, नात्यात, मूल नसलेलं एखादं जोडपं असेलच. त्या घरी बोलायची वेळ आली, तर तो जुना शब्द ओठांवर येऊ देऊ नका. आणि दवाखान्यात जायची वेळ आली, तर दोघांनी मिळून जावं, एवढं त्यांना आपुलकीनं सांगा. आज इथंच थांबतो.